कमी आकड्याची चकती

या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या संशोधनातील यशाविषयी लिहायला सांगितले. मी त्यांना कळवले, की ज्या पदार्थावर मी बावीस वर्षे काम केले, तो जगात बहुतेक ठिकाणी दुय्यम समजला जातो. त्याच्याविषयी लिहीन, यश हा शब्द मथळ्यात घालू नये. त्यांनी मान्य केले.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. वर्गातील काम मी चोख केले, पण माझे खरे काम मागच्या इमारतीतील एका खोलीत, दोन भट्ट्यांसमोर झाले. तिथे आम्ही इंधनघटांच्या चकत्या भाजत असू. शेजारच्या विभागातील एक सहकारी रोज जाता-येता दारातून विचारीत, "काय हो, आज किती मडकी भाजली?" मी सांगत असे, "एक. तीही फुटली." ते समाधानाने पुढे जात.

इंधनघट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इंधन जाळून पाणी उकळायचे, वाफेने चक्र फिरवायचे आणि चक्राने वीज काढायची, हा वीज मिळवण्याचा लांबचा रस्ता आहे. इंधनघट हा जवळचा रस्ता. त्यात ज्योत नसते. कुंकवाच्या डबीच्या झाकणाएवढी एक पातळ, पांढरी सिरॅमिक चकती असते. तिच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंधनाचा वायू. चकती आठशे अंशांच्या आसपास तापली, की हवेतील ऑक्सिजन त्या घट्ट चकतीतून पलीकडे जाऊ लागतो आणि इंधनाला मिळतो. तिथे जे इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेने बाहेर आणले की वीज मिळाली. इंधनाच्या बाजूला चकतीवर एक लेप असतो. त्याला अॅनोड म्हणतात. हा लेप केसापेक्षा फारसा जाड नसतो. माझी बावीस वर्षे त्यात गेली.

हा लेप जगभर निकेलचा करतात. निकेल उत्तम आहे, हे मी कधीही नाकारले नाही. त्याला शुद्ध हायड्रोजन द्यावा आणि वीजपुरवठा अखंड ठेवावा, ते राजासारखे वागते. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. दुपारी वीज जाई. भट्टी निवू लागे, वायू सोडणारे यंत्र बंद पडे, नळीच्या मागच्या तोंडातून हवा आत शिरे आणि निकेल गंजे. गंजलेले निकेल फुगते आणि खालची चकती तडकते. भट्टी उघडली की आत हिरवट रंगाचे दोन तुकडे मिळत. निकेलचा गंज हिरवा असतो. हे तुकडे मी एका बरणीत साठवीत गेलो. बरणी भरली, तेव्हा मी निकेल सोडले.

दुसरे कारण आमच्या जिल्ह्याचे. इथे हायड्रोजन नाही, साखर कारखाने आहेत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे सांडपाणी उरते, त्यातून वायू निघतो. त्यात मिथेन असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकाचा वायूही असतो. मिथेनने निकेलवर काजळी धरते आणि गंधकाने त्याची ताकद जाते. म्हणून मी स्ट्रॉन्शियम टायटनेटकडे वळलो. त्यात थोडे लॅन्थेनम मिसळायचे. नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे: भाजून पूर्ण झालेली माती म्हणा. तिच्यात आणखी गंजण्याजोगे फारसे उरलेले नसते. गंधक, काजळी, गेलेली वीज, यांतले काहीही आले तरी ती जागची हलत नाही. तिचा दोष एकच, ती वीज कमी देते. पुष्कळ कमी. निकेलच्या चौथाईपर्यंत पोहोचलो, तर त्या दिवसाची नोंद आम्ही लाल शाईने करीत असू.

पुण्याचे एक तज्ज्ञ आमच्या आढावा समितीवर होते. ते एकदा सर्वांसमोर म्हणाले, "सर, पळणारा घोडा सोडून तुम्ही दगडाला चाबूक मारताय."

"घोड्याला इथलं पाणी बाधतं," मी म्हणालो.

समिती हसली. अनुदान मात्र त्या वर्षी निम्मे झाले.

पद्मजा ही माझी शेवटची विद्यार्थिनी. शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडील नरसय्या टॉवेल विणीत. लेप देण्याचे काम तिच्या हातात मुळातच होते. आमचा लेप लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने छापला जातो. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, जाळीवर दाट लगदी पसरतात आणि रबरी पट्टी एकदाच सरळ ओढतात. जाळ्या आम्ही एका लग्नपत्रिकावाल्याकडूनच ताणून घेत असू. पट्टीचा दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा ठेवणे शिकायला इतरांना वर्ष लागले. तिला एक आठवडा लागला.

तिच्या प्रबंधाचा दावा एका वाक्याचा होता: निकेलचा कणही न वापरता, कारखान्याच्या कच्च्या वायूवर, पुरवठा तुटत-जोडत असताना टिकणारा अॅनोड करता येतो. दक्षिणेतील एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला संशोधकाची जागा देऊ केली होती. अट अशी, की जूनअखेर पदवी हातात हवी. त्या घरातून एवढ्या लांब शिकायला वा नोकरीला कोणी गेले नव्हते. तिच्या आईने प्रवासाची बॅग आधीच आणून ठेवली होती, असे मला नंतर कळले.

माझ्या प्रयोगशाळेत एक नियम होता. एक जाळी फाटल्याशिवाय दुसरी ताणायची नाही. सोलापुरात वस्तू टाकून देण्याची पद्धत नाही आणि मला ती आवडतही नसे. फेब्रुवारीत पद्मजाची जाळी फाटली. लग्नसराई होती; पत्रिकावाल्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली. मी कपाट उघडले, मागची एक जुनी चौकट काढली आणि तिच्या हाती दिली.

"ही वापर. स्वच्छ आहे."

तिने ती थिनरने दोनदा धुतली, उन्हात वाळवली आणि सहा चकत्या छापल्या.

त्यातील पहिलीच चकती भट्टीत, चाचणीपुरत्या मागवलेल्या हायड्रोजनवर चालवली, तेव्हा मापकाचा काटा आमच्या नेहमीच्या आकड्यावर थांबला नाही. तो तिपटीवर गेला. पद्मजाने तारा तपासल्या, मापक बदलले, पुन्हा मोजले. आकडा तोच. दुसरी चकती, तोच आकडा. तिने वहीत लाल शाईने तो आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्याच आठवड्यात समितीकडे तिमाही अहवाल जायचा होता. मी तो आकडा अहवालात घातला. पुण्याहून तज्ज्ञांचा फोन आला.

"सर, मानलं. दगड पळाला की."

मी आभार मानले. मला संशय यायला हवा होता, आणि यायला चार दिवस लागले. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून ते चार दिवस गेले, असे म्हणता येईल. ती सबब नाही.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "आता याला गंधक दे."

आमच्याकडे गंधकवायू मिसळलेले एक लहान सिलिंडर होते. तिने झडप उघडली. आम्ही दोघे काट्यासमोर बसलो. तो घसरू लागला. तासाभरात तो आमच्या जुन्या, नेहमीच्या आकड्यापर्यंत आला आणि तिथे स्थिर राहिला.

टायटनेट गंधकाला असे घाबरत नाही. वरची दोन हिस्से वीज दुसरेच कोणी देत होते आणि ते आता मेले होते. असे वागणारा पदार्थ एकच आहे, आणि त्याला मी बरणी भरली तेव्हा निरोप दिला होता.

मी जुनी चौकट खिडकीपाशी नेली. जाळी चौकटीला जिथे चिकटवली होती, त्या कडेला शेवाळासारखी पुसट हिरवी रेघ दिसली. थिनरने तेल जाते, जाळीच्या गाठींत अडकलेली भुकटी जात नाही. चौकट उलटली. मागे पेन्सिलीने 'नि' लिहिलेले होते. अक्षर माझे होते.

पद्मजाने ते वाचले. नंतर माझ्याकडे पाहिले.

"स्क्रीन तुम्ही दिलीत, सर."

"हो."

"स्वच्छ आहे म्हणालात."

"हो."

"समिती सहा आठवड्यांवर आली."

"माहीत आहे. सहाही चकत्या बाद. आकडा मागे घ्यायचा."

"घ्यायचाच. मी कुठं नाही म्हणतेय?" तिचा आवाज चढला नाही. "पण मागे घेताना चूक कुणाची, ते पण लिहा. नाहीतर सगळे म्हणतील पोरीनं भांडी नीट धुतली नाहीत."

मी पत्र तिच्यासमोरच लिहिले. जाळी मी दिली, ती पूर्वी निकेलसाठी वापरलेली होती, ती तपासण्याची जबाबदारी माझी होती. तिने पत्र वाचले, एका ठिकाणी 'बहुधा' शब्द होता तो खोडायला लावला आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आली.

दोन दिवसांनी नरसय्या भेटायला आले. टोपी हातात धरून उभे राहिले. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

"सर, पोरगी दोन दिवस झाले नीट जेवली नाही. आमच्यात टॉवेलात धागा चुकला तर माल फेकत नाय. सेकंड म्हणून वेगळा काढतो. घेणारे घेतात. तसं काय होत नाय का तुमच्यात?"

"होत नाही."

"जरा पण नाय?"

"सेकंड म्हणून विकता तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता. आम्हाला तो पहिल्या प्रतीचा म्हणून द्यावा लागला असता."

"मग नको," ते म्हणाले. "पण तिला जेव म्हणा. तुमचं ऐकेल ती."

मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, की भट्टी लावून झाल्यावर जेवते. नवी जाळी आली होती. तिने नव्या चकत्या छापल्या. आकडा पूर्वीचाच आला, कमी. आता राहिला होता कच्चा वायू, आणि तो कारखान्यातच मिळतो. गाळप संपत आले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन लहान भट्ट्या जीपमध्ये घालून श्रीपूरकडच्या एका कारखान्याच्या मद्यार्क विभागात गेलो.

तेथील वायुसंयंत्र माने नावाचे गृहस्थ सांभाळीत. मूळचे नातेपुत्याचे, पंचवीस वर्षे त्याच वासात उभे होते. त्यांनी आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये जागा दिली आणि आधी पद्मजाला धडा दिला.

"म्याडम, एक ध्यानात ठेवा. घाण वास येतुय तवर भ्यायचं न्हाय. वास यायचा बंद झाला की समदं टाकून भाईर पळायचं."

"वास गेला तर बरंच की."

"वास जात न्हाय. आदी नाक मरतं, मग मानूस."

हे शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे. माझ्या व्याख्यानांत मी ते इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगू शकलो नाही.

आम्ही दोन्ही भट्ट्या शेजारी मांडल्या. एकीत निकेलची चकती, दुसरीत आमची. माने वाकून पाहू लागले.

"ह्येच्यावर मोटर चालंल का, सर?"

"नाही."

"पंखा?"

"नाही."

"मग चालतं काय?"

"काटा हलतो," पद्मजा म्हणाली.

माने काट्याकडे पाहत राहिले. "हालतुय की," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांची एक अडचण होती. बॉयलरला वायू कमी पडला, की आमच्याकडे येणारी जोडणी त्यांना तोडावी लागे. "तोडायच्या आदी तुमाला सांगतो," ते म्हणाले.

"सांगू नका," मी म्हणालो. "सांगितलंत तर आम्ही काळजी घेऊ. न सांगता तोडा."

"तुमचं यंत्र बिगाडलं तर माझं नाव नगं."

"बिघडलं तर माझं नाव."

निकेलच्या चकतीने पहिल्या दिवशी आमच्या चौपट वीज दिली. मान्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती निम्म्यावर आली. त्या दिवसापासून माने जोडणी तोडू लागले. कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी. प्रत्येक वेळी नळीत हवा शिरे आणि दोन्ही काटे शून्यावर जात. वायू परत आला की दोन्ही काटे वर येत. निकेलचा दर वेळी थोडा खाली थांबे. तिसऱ्या तोडणीनंतर भट्टीतून काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला आणि तो काटा परत वर आला नाही. आमचा काटा वर आला आणि पूर्वीच्याच घरावर थांबला. चौथ्यांदा तेच. सातव्यांदा तेच. गाळप बंद होईपर्यंत, अकरा दिवस, तेच.

"ह्यो बारका गडी लई चिवट हाय की," माने म्हणाले. त्या पदार्थाविषयी इतके नेमके परीक्षण मी कोठेही वाचलेले नाही.

एप्रिलमध्ये समिती बसली. पुण्याच्या तज्ज्ञांनी माझे पत्र समोर ठेवले होते. त्यांनी पद्मजाचे सारे सादरीकरण लक्षपूर्वक ऐकले. माणूस जाणकार होता. कोणत्याही गोष्टीत खोट काढली नाही. शेवटी ते म्हणाले,

"पद्मजा, एक सुचवू का? तो मोठा आकडा फेकू नका. टायटनेटवर निकेलचे बारीक कण पेरले तर वीज तिप्पट होते, असं लिहा ना. चांगला निष्कर्ष आहे. शीर्षक बदला, मेमध्ये प्रबंध द्या. जून गाठाल."

"पण आम्ही ते पेरले नव्हते, सर," ती म्हणाली.

"कण तर होते ना?"

"होते. किती होते, माहीत नाही. कुठं होते, माहीत नाही. पुन्हा तसेच पडतील का, तेही माहीत नाही. ते आमच्या स्क्रीनच्या कडेला राहिले होते."

"अहो, अपघातानंच शोध लागतात."

"अपघात म्हणून लिहिलं तर चालेल?"

"तसं लिहिलं तर प्रबंध कसा होणार?"

"मग राहू द्या, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला सावरावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "ती बरोबर बोलते आहे." समितीने मग असा निर्णय दिला, की अकरा दिवस अपुरे आहेत; पुढचा एक पूर्ण हंगाम चकती चालवून दाखवावी. निर्णय अन्यायाचा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो, तर हाच दिला असता.

जून गेला. दक्षिणेतील जागा दुसऱ्याला मिळाली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. टायटनेटवर निकेलचे कण मुद्दाम पेरून चांगली वीज मिळवण्याचे काम पुढे अनेकांनी केले. ते खरे आणि मेहनतीचे काम आहे. आमच्या हाताशी ती वाट आली होती. आम्ही तिच्यावर नीट नव्याने प्रयोग करू शकलो असतो. मी तो विचार केला नाही, कारण त्या वेळी मला निकेलचे नावही नको होते. हा माझा हट्ट होता आणि त्याची किंमत माझ्या विद्यार्थिनीनेही दिली. मला त्याची खंत आहे. आकडा मागे घेतल्याची खंत नाही. या दोन गोष्टी लोक एक करतात, म्हणून वेगळ्या लिहिल्या.

पद्मजाने पुढचा सारा हंगाम श्रीपूरला जाऊन-येऊन काढला. मान्यांनी तिची चकती शंभरावर वेळा उपाशी ठेवली. काटा आपले घर सोडून गेला नाही.

तिची खुली मौखिक परीक्षा आमच्याच सभागृहात झाली. बाहेरचे परीक्षक वयस्क आणि कडक होते. त्यांची हयात निकेलवर गेली होती. मागच्या रांगेत नरसय्या बसले होते, त्यांच्या शेजारी तिची आई, आणि रजा टाकून आलेले माने. पुण्याचे तज्ज्ञही आले होते. सभागृह अर्धेअधिक भरले होते. आमच्या महाविद्यालयात मोठा आकडा येऊन गेल्याचे सर्वांना माहीत होते, गेल्याचे कारण थोड्यांना.

पद्मजाने पडद्यावर आलेख लावला आणि हंगामाच्या अखेरीस मिळालेला आकडा वाचून दाखवला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मला नीट ऐकू आलं नसावं," ते म्हणाले. "दशांशचिन्हानंतरचा म्हणालात की आधीचा?"

सभागृहात कोणीतरी हसले. मार्गदर्शकाने या वेळी बोलायचे नसते.

"नंतरचा, सर," पद्मजा म्हणाली. "हंगामाच्या पहिल्या दिवशी हाच होता. शेवटच्या दिवशीही हाच आहे."

मग कोणी न सांगता तिने तो आकडा पुन्हा वाचला, दशांशचिन्हासकट, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात.